वाट्याला हात लावायचा नाही

पहिल्याच दिवशी माझा ओठ फुटला. पहिल्या दिवशी म्हणजे अगदी पहिल्याच तासाला! मी नवं पातळ नेसून आले होते, फळ्यावर सुबक अक्षरात ‘आपला वर्ग’ असं लिहिलं होतं, सगळ्यांच्या पुढ्यात मूठ मूठ चिंचोके ठेवले होते. एक मुलगी उशिरा आली. तिला द्यायला चिंचोके उरले नव्हते, म्हणून मी कोपऱ्यातल्या मोठ्या मुलाच्या ढिगातले थोडे उचलले. तो उठला आणि त्याने मला बुक्की मारली. थप्पड नव्हे हो, बुक्की! दात लागून ओठ फुटला, फळ्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले आणि मी चिंचोक्यांवर बसले. बसले म्हणजे पडलेच.

आधी सांगायला हवं की हा वर्ग कसला. मी मास्तरणीचं ट्रेनिंग करून मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला परत आले तेव्हा माझ्या अंगात नुसता उत्साह भरला होता. मुंबईत मी मुक्याबहिऱ्यांची शाळा पाहिली होती. मुलं तिथे स्वतःचे कपडे धूत होती, स्वयंपाक करत होती! आणि आमच्याकडे? अशी पोरं एकतर शाळेच्या पायऱ्यांवर बसून मार खायची नाहीतर घरात कोंडलेली असायची. मी हेडमास्तरांच्या इतकी मागे लागले, इतकी मागे लागले की शेवटी ते कंटाळून म्हणाले, “घ्या ती मागची लाकडांची पडवी आणि करा काय ते.” जोडीला त्यांनी सुतारकामाचे गुरुजी दिले. गुरुजी पेन्शनीला आलेले, लहानपणी मीसुद्धा त्यांच्या हातची छडी खाल्ली होती.

पडवी मी आणि गुरुजींनी झाडली. एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल. दुसऱ्यात पाण्याचा मातीचा हंडा आणि तांब्या. तिसऱ्यात दोरीवर जुने सदरे आणि परकर, बटणं लावायला आणि नाड्या बांधायला. चौथ्यात चटई घालून सोलण्या-निवडण्याचं काम. पुस्तक एकही नव्हतं. ज्याला हात आहेत त्याला हातांनी जगता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आणि मुलं! एक आंधळी मुलगी, दहा-अकरा वर्षांची, तिचे वडील जहाजावर खलाशी. जीभ अशी धारदार की डोळ्यांची कसर तिथे भरून काढलेली. एक लंगडा मुलगा, तापात पाय गेलेला, डोक्याने तल्लख आणि खोड्यांचा राजा. दोघी बहिणी, दोघींना ऐकू येत नाही, दिवसभर एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आणि हा मोठा. चौदा-पंधराचा, तांडेलाचा मुलगा. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, त्याचा शब्द होडीवर सगळ्यांनी ऐकायचा. मुलाला ऐकू सगळं यायचं, बोलता मात्र एक शब्द यायचा नाही, आणि समज लहान पोराची. ताकद मात्र बापाची.

त्याला सोडायला त्याची आई आली होती. माझ्या ओठाचं तिला संध्याकाळी कळलं तेव्हा ती रडली नाही की ओरडली नाही. खाली बसली आणि मुलाची तुमान घोट्यावर सरकवून मला दाखवली. दोन्ही घोट्यांभोवती काळे, जाड, बांगडीसारखे वण.

“नारळी पुनव झाली की घरवाले होडीवर जातात,” ती म्हणाली. “मग मला एकटीला हा आवरत नाय. घरवाले जायच्या आधी याला खांबाला बांधून जातात, तो पावसाला सुरुवात होईपर्यंत. रात्रीचा सोडते मी जरा. तुमच्याकडं राहिला तर बांधायला लागायचा नाय, बाई.”

मग मी काय करणार? ओठ सुजलेला घेऊन मी म्हटलं, राहील, राहील! घरी आई म्हणाली, “तू लांज्याला मामाकडे जा. तिथल्या शाळेत जागा आहे, तिथे कुणी तोंड फोडत नाही.”

मी गेले नाही. पण पावसाळाभर त्या पडवीत जी मारामारी झाली ना, ती सांगायची म्हटली तर दिवस पुरायचा नाही. बहिरी धाकटी मोठीला चावली आणि सोडेचना, शेवटी गुरुजींनी तिचं नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं. लंगड्याने कुबडी फिरवून हंडा फोडला. आंधळीच्या पाठीवर कुणीतरी जळकं लाकूड टेकवलं, तिने वासावरून ओळखून नेमकं त्याच लंगड्याला धरलं आणि त्याच्या मांडीचा चिमटा काढून रक्त काढलं. वर पुन्हा म्हणते, “दिसत नाय म्हणून काय नेम नाय काय माजा?” मोठ्या शाळेतली शहाणीसुरती मुलं मधल्या सुट्टीत आमच्या कौलांवर दगड मारायची आणि ‘वेड्यांचा वर्ग’ म्हणून बोंब मारायची. एक दिवस कौल फुटून आत पडलं, दोघी बहिणींच्या मधोमध. मी छत्री घेऊन धावले आणि एकाला पकडून असा धोपटला की छत्रीच्या काड्या बाहेर आल्या. हेडमास्तरांनी बोलावलं. मी म्हटलं, “छत्री भरून द्या.” ते बघतच राहिले!

पण बाकीच्यांची मारामारी मला कळायची. तिला कारण असायचं, आधी कुरबुर असायची. मोठ्याचं तसं नव्हतं. तो शांत बसलेला असायचा, वाल सोलत असायचा. हो, वाल सोलण्यात तर त्याचा हात असा चालायचा की मी बघत बसायची. आणि एकदम उठून मारायचा. पुन्हा बसून सोलायला लागायचा. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. जसं काही एक काम करून आला.

गुरुजींचं म्हणणं होतं की अधाशी आहे, आपल्या पुढ्यातलं कुणी घेतलं की मारतो. मलाही तसंच वाटायचं. त्यांनी छडी आणली. पहिली छडी हातावर बसली तेव्हा मुलाने हात पुढेच ठेवला. दुसरी बसली, तिसरी बसली. हात तसाच. गुरुजींनी छडी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा त्यांनी छडी घेतली नाही.

मग तांब्याचा दिवस आला. भिजवलेल्या वालांचे ढीग सगळ्यांच्या पुढ्यात होते. बहिणींपैकी धाकटीला फार झाले होते, तिचं संपेना. मोठ्याचे संपत आले होते. गुरुजींनी सहज धाकटीच्या ढिगातले ओंजळभर वाल उचलले आणि मोठ्याच्या ढिगावर ठेवले. नीट ऐका हं, त्याच्यावर ठेवले! त्याचं घेतलं नाही, उलट दिलं. तरी तो उठला, नव्या हंड्यावरचा पितळी तांब्या उचलला आणि गुरुजींच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली. रक्त डोळ्यांत, मिशीत, वालांत. बहिणी किंचाळायला लागल्या, आंधळी ओरडत होती, “कुणाला लागलं? अगो कुणाला लागलं, सांगा तरी!” मी माझ्या पातळाचा पदर फाडला.

बाप आला तेव्हा गुरुजी पडवीच्या पायरीवर डोकं बांधून बसले होते. तांडेल उंच, काळा, मानेवर दर्याच्या उन्हाने पडलेल्या चिरा. त्याने काही विचारलं नाही. मुलाला दंडाला धरून अंगणात ओढला आणि मारायला सुरुवात केली. हाताने, मग पायाने. मुलगा रडला नाही, डोकं दोन्ही हातांत धरून गोळा होऊन पडून राहिला. मी मध्ये गेले तेव्हा बापाचा हात माझ्या खांद्यावर बसला, इतका की संध्याकाळपर्यंत मला तो वर करता येईना.

“पुरे,” गुरुजी म्हणाले. “पुरे हो तांडेल. माझं फुटलंय, तुमचं नव्हे.”

तांडेल थांबला, धापा टाकत. मला म्हणाला, “बाई, आता पुनव आली. मी जातो दर्यावर. अजून एकदा कुणाचं रक्त निघालं ना, तर मग शाळा नको न् काय नको. बांधूनच जाईन. घरात पोरं लहान हायत. हा त्यांना मारून टाकील एक दिवस, तेव्हा तुम्ही येणार काय?”

खरंच होतं ना ते.

गुरुजी घरी जाताना म्हणाले, “अगो, त्याचं घेतलं तरी मारतो, त्याला दिलं तरी मारतो. मग त्याला हवंय तरी काय?” आणि हेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या. थोड्याच दिवसांनी एका सकाळी मोठा वर्गात आला नाही. मला धडकीच भरली, म्हटलं बांधला! मी तशीच धावत त्याच्या घरी गेले. आई म्हणाली, होड्या आल्या म्हणून पळालाय बंदरावर. मी बंदरावर गेले. आमच्या घरात मासळी खात नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं इथे राहून मी तिथे भल्या सकाळी कधी गेले नव्हते. वासाने डोकं गरगरलं.

तांडेलाची होडी वाळूवर ओढलेली. आणि वाळूत बांगडा मासळीचे ढीग, एका ओळीत, सारखे. वाटे. होडीवरच्या प्रत्येक माणसाचा एक वाटा. माणसं जरा लांब उभी होती. एक म्हातारा टोपी फिरवत होता आणि प्रत्येक जण त्यात आपली खूण टाकत होता. कुणी शिंपला, कुणी सुपारी, कुणी गाठ मारलेली चिंधी, एकाने तर विझलेली विडी. मग म्हातारा वाट्यांकडे पाठ करून, तोंड दर्याकडे ठेवून मागे मागे चालत गेला आणि न बघता एकेका वाट्यावर एकेक खूण टाकत गेला. ज्याची खूण ज्या वाट्यावर, तो वाटा त्याचा. मोठा की लहान, कुरकुर नाही!

आमचा मोठा तिथेच उभा होता. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. सगळं अंग वाट्यांकडे झुकलेलं त्याचं, पण हात मागेच.

तेवढ्यात एका वाट्यावरून एक बांगडा घसरला आणि दोन वाट्यांच्या मध्ये पडला. होडीवरचा एक जवान पोरगा वाकला आणि त्याने तो उचलून जवळच्या वाट्यावर ठेवला. बस, एवढंच केलं त्याने. त्याचा स्वतःचा वाटासुद्धा नव्हता तो! तांडेलाने वल्हं उचलून त्याच्या पाठीत घातलं. तो तोंडावर वाळूत गेला. आणखी दोघांनी लाथा घातल्या. तो उठला, तोंडातली वाळू थुंकली, नाकातून रक्त येत होतं ते मनगटाने पुसलं आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. उलटून एक शब्द नाही. आणि मारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर रागही नाही! जसं काही एक काम करून आले.

मी तिथे वाळूतच ओरडले, “अहो, हेच! हेच!” सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“काय हेच?” तांडेल म्हणाला.

“त्याला का मारलात?”

“वाटे घातल्यावर हात लावलान. कशाला का लावीना. एकदा हात लागला की मग सगळ्यांना शंका. शंका आली की होडी फुटते, बाई. म्हणून मारायचा, आणि ज्याने हात लावलान त्याने उलट हात करायचा नाय.”

“आणि तुमच्या मुलाला हे माहीत आहे?”

“लहान होता तेव्हा शिकवलंय मी. याच वल्ह्यानं शिकवलंय.”

मी पळत सुटले. गुरुजी पडवीत फुटका हंडा चिकटवत बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावरच्या पट्टीला हात लावला.

“म्हणजे अगो, मी मार खाल्ला तो चोर म्हणून?”

“हो गुरुजी! आणि मीसुद्धा!”

“वालचोर,” गुरुजी म्हणाले, आणि हसता हसता त्यांची पट्टी सुटली.

मग आम्ही वर्गाची सगळी व्यवस्थाच बदलली. मी एकटीने ढीग वाटणं बंद. सकाळी सगळ्यांनी मिळून ओळीत ढीग घालायचे, वालांचे, बटणांचे, काय असेल त्याचे. मग लांब उभं राहायचं. प्रत्येकाने खूण द्यायची. खुणा टाकायला कोण? अर्थात आंधळी! तिला पाठ करायचीही गरज नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “माज्यासारखा न्यायाधीश अख्ख्या मुंबई इलाख्यात नाय. सगळे तोंड बघून न्याय करतात, मी कुणाचं तोंडच बघत नाय.” लंगडा म्हणाला, “मग माजं बघू नको, बरंय.” “तुजं बघण्यासारखं हाय काय मेल्या?”

पहिल्या दिवशी आंधळीला खुणा टाकताना बघून मोठा असा हसला! मी त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं. शिंपला त्याची खूण. शिंपला ज्या ढिगावर पडला तिथे जाऊन तो बसला आणि त्याचा हात चालायला लागला.

पण म्हणून मारामारी थांबली असं समजू नका हं. उलट! आता नियम सगळ्यांना कळला ना, तर सगळीच मारायला लागली. लंगड्याने गंमत म्हणून धाकटीच्या ढिगातलं एक बटण उचललं, तर दोघी बहिणी आणि मोठा, तिघांनी मिळून त्याला तुडवला. आंधळी वरून विचारते, “माजा पाय पोचतो काय तिथं?” लंगडा रडत रडत मला म्हणाला, “बाई, ह्याच्यापेक्षा आधीचं बरं होतं. आधी एकटाच मारायचा.”

तेव्हा मी आणखी एक गोष्ट शिकवली. हात लागला तर आधी चटई बडवायची. एकदा. मग दुसऱ्यांदा. म्हणजे समोरच्याला कळेल आणि तो हात काढेल. मोठ्याला हे शिकवायला मी स्वतः त्याच्या ढिगाला हात लावत राहिले आणि मार खात राहिले. दंडावर, पाठीवर, एकदा कानाखाली. मार खाल्ला की त्याचा हात धरायचा आणि चटईवर आपटायचा. कितीदा, देव जाणे. आई घरी हळद लावून लावून थकली. आणि एक दिवस मी हात लावला, त्याचा हात वर गेला आणि खाली आला तो चटईवर. धाड! मी इतकी नाचले की गुरुजी म्हणाले, “अगो, पडवी पडेल.”

आणि दोनच दिवसांनी तांडेल आला. दुपारची वेळ, खांद्यावर दोराचं वेटोळं, मागे अंगणात मुलाची आई. होडी आता लांब जाणार होती, बरेच दिवस परत येणार नव्हती. लंगड्याला तुडवल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

“घेऊन जातो, बाई,” तो म्हणाला. “तुम्ही केलंत ते लय केलंत.”

“रक्त नाही निघालं हो! विचारा कुणालाही! थोडा वेळ बसून बघा तरी.”

तो बसला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि बघू लागला. ढीग घालून, खुणा टाकून झाल्या होत्या, सगळी वाल सोलत होती. कुणी मान वर केली नाही. त्याची नजर मुलाच्या हातांवर खिळली. सालीला अंगठा लागतो न लागतो तोच दाणा बाहेर. तो एकेक पाऊल टाकत जवळ आला, वाकला आणि कौतुकानेच, खरं सांगते, कौतुकानेच त्याने मुलाच्या ढिगातले मूठभर वाल उचलले.

मुलाने चटई बडवली.

“हां हां,” तांडेल हसला. “काय रे?”

मुलाने पुन्हा चटई बडवली. मी पुढे झाले. गुरुजीही उठायला लागले. तांडेल मूठ नाकाशी नेऊन वालांचा वास घेत होता.

बुक्की तोंडावर बसली. तांडेल खांबावर आदळला, दोर खाली पडला, त्याच्या दातांमधून रक्त आलं आणि हनुवटीवरून छातीवर ओघळलं. मुलगा उभा. हात खाली. चेहऱ्यावर राग नाही. आई अंगणातून किंचाळली. तांडेलाने हात मागे घेतला, सगळ्या खांद्यापासून मागे, आणि मला ठाऊक होतं की हा हात बसला तर मुलगा उठणार नाही.

“तांडेल!” मी ओरडले. “वाट्याला हात कुणी लावला?”

हात वरच राहिला. त्याने आपल्या दुसऱ्या मुठीकडे पाहिलं. चटईवरच्या ओळीकडे पाहिलं, ढीग, ढिगांवर शिंपला, बांगडीचा तुकडा, गोटी. बघता बघता त्याचा चेहरा बदलत गेला. आंधळी हळूच म्हणाली, “मी टाकल्यायत खुणा. बराबर टाकल्यायत.”

“दोनदा सांगितलान मला,” तांडेल म्हणाला. रक्ताने शब्द घोगरे झाले होते. “आमी तर एकदा पण सांगत नाय.”

वरचा हात खाली आला. मुलाने पुढे होऊन बापाची मूठ धरली, एकेक बोट उघडलं, वाल काढून घेतले, ढिगावर ठेवले आणि खाली बसून सोलायला लागला. तांडेल तसाच हात पसरून उभा. मग त्याने तोंड पुसलं, दोर उचलून खांद्यावर टाकला आणि पडवीच्या दाराशी गेला.

आई पायरीवर आली होती. “आणताव काय त्याला?” तिने विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” तांडेल म्हणाला. “कामावर हाय तो.”